कुंपणाकडचा आवाज

काका, गेल्या मंगळवारी मी कान तपासून घेतले. मुलगी कधीची मागे लागली होती, टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो म्हणून, तेव्हा आमच्या ईडन प्रेरीतल्याच एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात आणि हातात एक बटण देतात. टिक ऐकू आली की बटण दाबायचं. टिक हळूहळू बारीक होत जाते, आणि एका ठिकाणी ती खरंच येते आहे की आपल्याला हवी आहे म्हणून येते आहे, हेच कळेनासं होतं. मी तीन-चारदा ऐकू न येताच बटण दाबलं. काचेपलीकडच्या बाईच्या ते लक्षात आलं असणार, कारण ती हसून म्हणाली की घाई नाही, ऐकू आलं तरच दाबा. त्या खोलीत मला तुमची आठवण आली, आणि ती काही प्रेमाची आठवण नव्हती. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे, आणि ज्या गोष्टीसाठी चिडले तिच्याहून वाईट मी तुमच्याशी वागले. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

त्र्याऐंशी साली मी नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला मातीचा अभ्यास करायला आले आणि कुणाच्या तरी ओळखीने तुमच्या बेसमेंटमध्ये राहू लागले. तुम्ही घोड्यांचे आणि गाईंचे डॉक्टर, वीस वर्षं तिथले, दूरदूरच्या फार्मवर फिरणारे. आठवडाभर जनावरं बरी करायची आणि रविवारी आपले दोन टेरियर कुत्रे घेऊन जमिनीखालची जनावरं मारायला जायचं, असा तुमचा क्रम होता. गवताच्या रानात ग्राउंडहॉग बिळं करतात, मांजरापेक्षा मोठा, जाडजूड, घुशीसारख्या दातांचा प्राणी; त्या बिळात घोड्याचा पाय गेला की मोडतो, आणि पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालायला तुम्हालाच बोलावत. म्हणून शेतकरी तुम्हाला हाक मारत, असं तुम्ही सांगायचात. मला वाटतं तुम्हाला ते आवडायचंच. कुत्रा बिळात शिरतो, आत ग्राउंडहॉगला कोपऱ्यात गाठून भुंकत राहतो, आणि वरून माणसांनी खणत त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढंच ते काम. तुमच्या मुलाला त्याची किळस होती. मी मातीची विद्यार्थिनी, मला जमिनीच्या आतलं बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर रविवारी बेसमेंटमध्ये एकटीने बसणं मला खायला उठायचं. म्हणून मी विचारलं, मी येऊ का, आणि तुम्ही मुलाचे जुने गमबूट माझ्यापुढे टाकलेत.

पहिल्या दिवशी तुम्ही मला जमिनीला कान लावून पालथी झोपवलंत. बिळाच्या तोंडापासून कुत्रा किती लांब आहे ते सांग, म्हणालात. मला काहीच कळेना. तासाभराने मी अंदाजाने एक जागा दाखवली, तर तुम्ही फार्मच्या मालकिणीकडे बघून म्हणालात, माय स्टुडंट थिंक्स द डॉग इज इन पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनिया म्हणजे शेजारचं राज्य. ती हसली, मीही हसले. माझ्या गालाला चिकटलेली ओली माती मी पुसली नाही, कारण पुसली असती तर रडले असते. पण मी शिकले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला कान लावून कळायला लागलं की भुंकणं कोणतं आणि नुसतं उकरणं कोणतं, कुत्रा पुढे सरकतो आहे की अडकला आहे. दोन कुत्र्यांपैकी थोरला तुमचा होता, तुमच्यासारखाच तुसडा. धाकटी मात्र माझी झाली. पांढरी, एक कान तपकिरी, छाती इतकी बारीक की माझ्या दोन हातांच्या पंजांत मावायची. एकदा तिचा ओठ फाटला तेव्हा तुम्ही तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावरच घेतलंत. मी तिचं डोकं धरून उभी, तुम्ही टाके घालताय, आणि काकू आमच्याकडे पाठ करून वरणाला फोडणी देतायत. मग टेबल पुसून आपण त्याच्यावर जेवलो. त्या रात्रीपासून धाकटी माझ्या खोलीत झोपायला लागली.

मारायलाही तुम्हीच शिकवलंत. खड्डा बिळापर्यंत पोचला, कुत्रा बाहेर ओढून घेतला, आणि तुम्ही पहार माझ्या हातात दिलीत. माझे आजोबा गावात मेलेली जनावरं ओढायचे. एके दिवशी आमच्या सगळ्या वस्तीने ठरवून ते काम टाकलं, आणि त्यानंतर आमच्या घरात कुणी मेलेल्या जनावराला हात लावला नाही. हे मला माझ्या बाबांनी शंभरदा सांगितलेलं. त्यामुळे मी रविवारी काय करते हे घरी पत्रात कधीच लिहिलं नाही. पहिला घाव माझा चुकला. जनावर किंचाळलं, तुम्ही माझ्या हातातून पहार हिसकावून एका घावात काम संपवलंत आणि मग माझ्यावर जे ओरडलात ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. जनावराला मारायचं असेल तर मारायचं, पण त्याला वाट बघायला लावायचं नाही, म्हणालात. वाट बघायला लावणारा माणूस मला माझ्या गाडीत नको. तुमच्याकडे बाकी कसला धर्म होता मला माहीत नाही. एवढा एक होता, आणि तो मी मनापासून घेतला.

दुसरा नियम बॉक्सचा. कुत्र्याच्या गळपट्ट्यात एक छोटा ट्रान्समीटर असायचा आणि वरच्या माणसाच्या हातात एक डबी, तिला इअरफोन. डबी घेऊन रानात फिरायचं, जिथे टिकटिक सगळ्यात मोठी तिथे बरोबर खाली कुत्रा. डबी ज्याच्या हातात, शब्द त्याचा. खणणाऱ्याने विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, कारण वादात वेळ जातो आणि आत कुत्र्याकडे हवा मोजकी असते. डबी नेहमी तुमच्याच हातात असे. आणि माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मला कळून चुकलं होतं की तुमचे कान जात आहेत. काकू हाक मारायच्या आणि तुम्ही वाचत राहायचात. फोनवर तुम्ही लोकांना पत्ता तीनतीनदा विचारायचात आणि वर म्हणायचात की अमेरिकन लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. मी काकूंना एकदा सुचवलं, कान तपासायला हवेत. त्या म्हणाल्या, तूच सांग बाई त्यांना. मी सांगितलं नाही.

मग तो एप्रिलमधला रविवार. दोन दिवस पाऊस पडून गेलेला, लाल माती जड झालेली. धाकटी दहाच्या सुमाराला आत गेली, अर्धा तास छान भुंकली आणि मग गप्प झाली. ग्राउंडहॉग असा अडचणीत आला की पुढे उकरत जातो आणि माती मागे लोटून भिंत करतो. कुत्रा ती भिंत उकरायला जातो आणि उकरलेली माती त्याच्या मागे साचते. मग तो दोन्हीकडून बंद. हे तुम्हीच शिकवलं होतंत. तुम्ही पहार आणायला गाडीकडे गेलात तेव्हा डबी माझ्याकडे दिलीत. मी इअरफोन घातला आणि चालत गेले. कुंपणाच्या एका खांबाशी टिकटिक इतकी मोठी होती की मी दचकले. तुम्ही परत आलात, डबी घेतलीत, फिरलात, आणि खांबापासून पाच पावलं अलीकडे टाच रोवून म्हणालात, इथे. मी म्हटलं, काका, मला तिकडे वाटतं, कुंपणाशी.

फार्मची मालकीण कॉफीचा कप घेऊन बाजूलाच उभी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, चिडूनसुद्धा नाही, अगदी सहज, आणि मराठीत म्हणालात, "तू खण. डोकं माझं चालू दे. खणायची तुमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे."

दोन वर्षं मी तुमच्या टेबलावर जेवत होते. आडनाव ऐकलं त्याच दिवशी तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही कधी एक शब्द काढला नव्हतात. मला वाटायचं हा तुमचा मोठेपणा. तो मोठेपणा नव्हता, तुम्ही ते नुसतं जपून ठेवलं होतंत. त्या सगळ्या रानात ते वाक्य समजणारी मी एकटीच होते. मालकिणीने मला विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

"ही सेज डिग हिअर," मी म्हटलं.

आणि मी खणलं. तुम्ही टाच रोवली होतीत बरोबर तिथे, एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. पाठ वाकवून, न थांबता, पाणी न पिता. तुमच्या पाठीला घोड्याची लाथ बसल्यापासून तुम्ही खणू शकत नव्हतात, तुम्ही पालथ्या बादलीवर बसून होतात. मला माहीत होतं की ती तिथे नाही. मी मनात म्हणत होते, घ्या, तुम्हाला सवयीची माणसं हवीत ना, ही घ्या. आज्ञा पाळून माणसाला उघडं पाडता येतं हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याचा आनंद होत होता, काका. पाच फुटांवर नुसता दगड लागला. बीळ नाही, पोकळी नाही, काही नाही. साडेबारा वाजले होते. तुम्ही खड्ड्यात डोकावलात, डबी कानाशी हलवून पाहिलीत, आणि मग ती माझ्यापुढे धरलीत. मी सरळ कुंपणाशी गेले. इअरफोनही नीट घातला नाही.

तिथे खणलं तर ती तीन फूट खाली होती. फक्त तीन. अंग अजून कोमट होतं. नाकपुड्या मातीने भरलेल्या, तोंडात माती, पुढचे दोन्ही पंजे भिंतीत रुतलेले. मी तिला बाहेर घेतलं आणि तिच्या पुढची माती ढासळली. मागे तो ग्राउंडहॉग बसलेला होता, जिवंत, आमच्याकडे बघत. तुम्ही पहार उचललीत. एका घावात संपवायचं असं शिकवणाऱ्या माणसाने त्या दिवशी किती घाव घातले ते मी मोजले नाहीत. मालकीण तोंड फिरवून घराकडे निघून गेली. तुम्ही थांबलात तेव्हा तुमच्या चष्म्यावर शिंतोडे होते आणि तुम्ही तो पुसला नाहीत. तुम्हाला तसं बघून मला बरं वाटलं. मग मी हातातल्या धाकटीकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच म्हणालात की माझ्या कानांनी मारलं तिला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. महिन्याभरात तुम्ही थोरला त्या मालकिणीला देऊन टाकलात आणि पुन्हा कधी बिळावर गेला नाहीत. कानाला मशीन लावलंत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात की चूक माझी होती, आणि ही मुलगी बघा, दोन तास खणत होती, एक शब्द उलट बोलली नाही. रानातलं ते वाक्य, पिढ्यांच्या सवयीचं, तुम्हाला आठवतही नव्हतं, याची मला खात्री आहे. डिग्री घेऊन मी मिनेसोटाला निघाले तेव्हा तुम्ही ती डबी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. तुझे कान चांगले आहेत, म्हणालात. ती अजून माझ्या कपाटात आहे. मी तिच्यात कधी बॅटरी घातली नाही.

काकू आता नव्वदीच्या पुढे आहेत, चँडलरला मुलाकडे असतात. हे पत्र त्यांना पाठवावं असं मनात होतं, तुमच्याऐवजी कुणीतरी वाचावं म्हणून. पण त्यांना फोन केला की त्या अजून तेच सांगतात, अगं, तुझ्यासारखी मुलगी पाहिली नाही, एक शब्द बोलली नाहीस. त्यांना पाठवणार नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला समजावत आले की मी एकदा तर सांगितलं होतं, कुंपणाशी म्हणून, तुम्हीच ऐकलं नाहीत. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. मी खणायला लागून अर्धा तास झाला असेल. तुम्ही बादलीवर बसल्या बसल्या कानातला इअरफोन काढलात, पुढे वाकलात आणि मालकिणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला विचारलंत, "अगं, तुला काही ऐकू येतंय का?" माझ्याकडे मदत मागायची ती तुमची पहिली वेळ, आणि शेवटची. त्याच वेळी धाकटी कुंपणाकडून कण्हत होती, बारीक, पण स्पष्ट. मी तुमच्या डोळ्यांकडे बघून "नाही" म्हटलं. ती पुन्हा एकदा कण्हली, तेव्हा मी फावडं मुद्दाम दगडावर आपटलं.