बरणीचा वास

३ मार्च
बेकरीत कामाला लागलो. आठवडा, फार तर दोन, मग वाट फुटेल तिकडे! मालकांना सगळे काका म्हणतात. पहाटे खमिराची बरणी माझ्या नाकाखाली धरतात — "सांग, कसा वास?" शाळा सुटली तरी तोंडी परीक्षा काही सुटली नाही!

६ मार्च
खमीर म्हणजे कालवलेला मैदा, त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवंत जीव. काका रोज डावाने घोटतात, वर नुसतं फडकं. "हवा पाजतोय," म्हणतात. समोरच्या पत्र्यावर मांजर व्यायलंय. तीन पिल्लं, एक बोका लबाड.

८ मार्च
काका बहिणीकडे गेले. जाताना म्हणाले, "ही बरणी माझ्या लग्नाआधीची. जप." माश्या फार — फडकं काढून झाकण गच्च लावलं. घोटायचं राहिलं, नदीवर होतो.

१० मार्च
फट्! झाकण उडालं, खमीर छताला! उरलेल्यावर पाणी सुटलेलं, दारूचा भपकारा. काका परतले, बरणीत नाक घातलं नि म्हणाले, "झकास!" मी तेच पिठात मळलं. पाव फुगलेच नाहीत, नुसत्या विटा. गिऱ्हाइकं परत गेली. काका ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं.

११ मार्च
काकांची मुलगी — ताई — कॉलेजात या न दिसणाऱ्या जिवांचंच शिकते. "कोंडलंस रे त्याला! हवा मिळाली की ते साखर पुरती जाळतं, ताकद येते, पिल्लावळ वाढते. हवा नसली की अर्धवट सोडतं — दारू नि वायू. नुसतं तग धरतं."
"मग पिठाच्या गोळ्यात कुठे हवा असते? तरी फुगतो!"
"त्या वायूनेच! दारू भट्टीत उडून जाते. पण आधी फौज तर वाढायला हवी."
"साखरच ओतू का?"
"फार ओतलीस तर हवा असूनही दारूच करेल. आयतं मिळालं की आळस — तुझ्यासारखाच!"
मेलं का, विचारलं. "चिवट आहे. घोट."

१४ मार्च
घोटतोय. दंड भरून आलेत. आज बुडबुडे! पिशवी भरली, उद्या निघतो म्हटलं. काका "बरं" म्हणाले. मग बरणी नाकाशी — "सांग, कसा?" आंबूस, पिकल्या सफरचंदासारखा, म्हटलं. डोळे मिटून ऐकत राहिले.

१५ मार्च
ताईकडून कळलं. गेल्या वर्षीच्या तापापासून काकांना वासच येत नाही.
पिशवी रिकामी केली. त्यांनी विचारायच्या आत बरणी उघडली.