झैनल आगाचं दुसरं मरण

९ मार्च १९१४, किरकुक

जर्मन इंजिनियरनं आज एका मेलेल्या माणसाला सलाम सांगितला. मी तो कचेरीतल्या दुभाष्याच्या इमानदारीनं फ्रेंचमधून तुर्कीत उतरवून घेतला आणि ‘कळवतो’ म्हणालो. कळवायचं कुठं — कबरस्तानात!

मेलेला माणूस म्हणजे झैनल आगा. माझ्या थोरल्या बहिणीचा, हासिबे बाजीचा, चुलत सासरा. विशीत पटकीनं गेला, त्याला बेचाळीस वर्षं झाली. पण जमिनीच्या दफ्तरात अजून ठणठणीत आहे. बाजीच्या गावाबाहेरच्या तिन्ही नफ्तच्या विहिरी त्याच्याच नावावर. त्या काळ्या तेलावर बाजीचं घर चालतं.

१० मार्च

जुनं दफ्तर काढून पाहिलं. जमिनी लिहायला सरकारी माणसं पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी हिशेब केला — आज जमीन लिहितील, उद्या पोरं लिहितील, परवा पलटणीत नेतील. कुणी शेताला शेखचं नाव लावलं, कुणी पिराचं. बाजीचा सासरा सगळ्यांत हुशार. त्यानं आदल्या महिन्यात पुरलेल्या भावाचं नाव सांगितलं. ‘मेलेल्याला कोण पलटणीत नेतो?’ त्या घरात हे वाक्य अजून म्हणीसारखं वापरतात.

त्याच न्यायानं घरातला एकही पुरुष माणसांच्या वहीत नाही. बाजीचा नवरा वहीत न येताच वारला. तिचा मुलगा अदहम अठरा वर्षांचा आहे. रोज वीस पखाली तेल उपसतो, पण सरकारच्या लेखी जन्मलेलाच नाही. मालक मेलेला, कामकरी न जन्मलेला — आणि चूल मात्र पेटते आहे!

२१ मार्च

रेल्वेच्या करारात रुळाच्या दोन्ही अंगांना वीस-वीस किलोमीटर, जमिनीखालचं सगळं जर्मनांचं. आमच्याकडे रूळ अजून एक पडलेला नाही. किलोमीटर मात्र पडले! इंजिनियर ब्रांडलनं रुळाच्या आखणीच्या खुंटीपासून विहिरीपर्यंत मोजलं — एकोणीस. चार दिवसांनी तेलवाल्या इंग्रजांचा पेलम आला, त्यानं मोजलं — एकवीस. विहीर जागच्या जागी. सरकतंय ते साम्राज्य.

खालचं तेल कुणाचं ते राजधानीत ठरेल म्हणतात. पण वरच्या मालकाचा अंगठा ज्याच्या खिशात, त्याचं पारडं जड. म्हणून हे सलाम.

२ एप्रिल

ब्रांडलनं झैनल आगासाठी दुर्बीण दिली. पेलमला संध्याकाळपर्यंत कळलं. त्यानं चहाचा डबा आणि चांदीच्या मुठीची काठी दिली.

‘आगांची तब्येत कशी आहे?’

‘तशीच आहे.’ — खोटं नाही!

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ पाहिले. टाळूला लोणी चोपडणारे हे पहिलेच.

काठी, दुर्बीण घेऊन गावी गेलो. बाजीनं दुर्बीण उलटी धरली. ‘शाकिर, यातनं त्याला इथलं दिसेल का रे?’

‘त्याला दिसत असतं तर सगळ्यांत आधी त्याच्या नावावर जमीन चढवणारा तुझा सासरा दिसला असता.’

‘मेल्या, जीभ आवर. त्या जिभेपायी तुझं वर्तमानपत्र बुडालं.’

वर्तमानपत्र जिभेपायी नाही, एका पाशाच्या मिशांपायी बुडालं. पण बाजीशी वाद कोण घालतो. इंग्रजाचा चहा मात्र आम्ही दोघं प्यालो. फार सुरेख.

१९ एप्रिल

नोंदणी कारकून रुश्तू एफेंदीनं बोलावून घेतलं. दार लावलं. म्हणजे प्रकरण गंभीर. एरवी तो लाचसुद्धा दार उघडं ठेवून घेतो.

‘शाकिर एफेंदी, पन्नाशीला आलात, आता तरी सरळ बोला. झैनल आगा आहे की नाही?’

‘दफ्तरात आहे.’

‘दफ्तरात नदीवरचा लोखंडी पूलही आहे. ओलांडलाय कधी?’

वरून हुकूम आलाय. मालकानं महिन्याच्या आत कचेरीत हजर व्हावं. मेला असेल तर वारसानं यावं. दोन्ही नाहीत, तर जमीन बेवारस — सरकारजमा. मग सरकार ती वाटेल त्याला देईल, आणि घेणारे दोघे दारात उभेच आहेत.

बाजीला सांगितलं. ती तवा उतरवत होती. ‘बेवारस? मी काय भिंत आहे?’

सून वारस होत नाही, हे तिला कायद्याच्या भाषेत सांगायचा धीर झाला नाही. तीस वर्षं तिचे हात त्या तेलात आहेत. नखांतला काळा रंग आता नखांचाच झालाय. विहिरी गेल्या तर ती माझ्याकडे येऊन राहील. माझ्याकडे! एक खोली, दोन खुर्च्या आणि बंद पडलेल्या वर्तमानपत्राचे गठ्ठे.

२६ एप्रिल

झैनल आगाला मारलं. गेल्या गुरुवारी, छातीच्या विकारानं, वय बासष्ट. गावच्या मुख्त्यारानं, म्हणजे पाटलानं, शिक्का मारून दिला. मृत्यूबद्दल खातरी होती, तारखेबद्दल नाही, म्हणाला.

भावाचा नातू म्हणून अदहम वारस. पण वारस व्हायचं तर आधी जन्माला यावं लागतं. रुश्तूनं माणसांची वही पुढे ओढली.

‘वय?’

‘अठरा.’

‘एकवीसच्या आत आहे. मग न्यायालय पालक नेमेल.’

पालक म्हणजे या गावात कुणीतरी पैसे खाणाराच, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पालकाचा अंगठा पेलमला एका जेवणात मिळेल, ब्रांडलला दोन जेवणांत.

‘एकवीस लिहा,’ मी म्हणालो.

‘माझा हात थरथरतो. तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं.’

लिहिलं.

२७ एप्रिल

गावी जाऊन आलो. बाजीनं पहिला प्रश्न हाच विचारला — ‘पोराचं नाव वहीत घातलंस?’

‘घातलं.’

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. ‘विसाव्या वर्षी नेतात ना? म्हणजे अजून दोन वर्षं आहेत माझ्या हातात. तोवर लग्न लावीन, पोराबाळांचा झाला की काहीतरी सवलत काढ तू.’

‘काढीन.’

वहीतल्या एकवीसच्या आकड्याचं बोललो नाही. कशाला उगाच तिच्या जिवाला घोर! वय काय, पुढं कमीही करता येतं. रुश्तू आहे, मी आहे.

१ मे

झैनल आगाचं सुतक. बेचाळीस वर्षं उशिरा, पण रीतसर. गावानं तोंडं पाडली. कडू कॉफी फिरली. बाजीनं रव्याचा हलवा ढवळला.

दोन्ही पाहुणे काळे कोट घालून आले. ब्रांडल म्हणाला, आगांना मी एकदाच पाहिलं, लांबून, पण काय रुबाब! पेलम मागे कसा राहील? आगांनी म्हणे त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. मी सगळं भाषांतरित केलं. गावच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ‘तसाच होता तो, तसाच!’ हलव्याला दोघांनीही दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

आत बाजी खरीखुरी रडत होती. मी म्हणालो, अगं, तू त्याला बघितलंही नाहीस! तर म्हणाली, ‘पटकीच्या साली कुणाला सवड होती त्याच्यासाठी रडायला? कुणीतरी रडायला हवं ना.’

 बाहेर जाऊन उभा राहिलो.

१७ जून

राजधानीहून बातमी आली: रेल्वेवाले आणि तेलवाले यांचा परदेशात बसून समेट झाला. आता दोघांची एकच कंपनी. एकोणीस आणि एकवीस, चला, वीसवर मिटलं! ब्रांडल आणि पेलम कॉफीखान्यात एका पाटावर सोंगट्या खेळताना दिसले. महिन्यापूर्वी एकमेकांच्या खुंट्या उपटत होते. आम्ही कुणीच या समेटात नाही. ज्याच्या घरातली वाटणी, त्याला बोलवायची पद्धत नसावी.

पण अदहमच्या हाती पट्टा आला! शिक्क्यासह, त्याच्या स्वतःच्या नावाचा. दोघे मिळून विकत मागायला आले. पोरानं शांतपणे सांगितलं — ‘आईला विचारा.’ आईनं सांगितलं — ‘हलवा संपला.’

अदहमनं माझा हात कपाळाला लावला. ‘मामा, तुमच्यामुळं मी आहे.’ बाजी हसली. किती वर्षांनी! पंचवीस वर्षं लेखणी चालवली, कुणाचं नाक कापलं, कुणाची झोप उडवली. कुणाचं भलं झाल्याचं आठवत नाही. आज झालं.

१ ऑगस्ट

युरोपात लढाई पेटतेय म्हणे. ब्रांडल घाईनं गेला. खुंट्या रानातच. गावकऱ्यांनी सरपणाला नेल्या.

५ ऑगस्ट

पेलमही गेला. विहिरी आता कुणालाच नकोत. बाजी म्हणते, नजर उतरली.

७ ऑगस्ट

शहरात ढोल वाजतोय. वीस ते पंचेचाळीस, सगळ्यांनी पलटणीत हजर व्हावं. गावागावांच्या याद्या माणसांच्या वहीतून उतरवल्या. बाजीच्या गावच्या मुख्त्याराला वाचता येत नाही, म्हणून यादी वाचायला कचेरीनं मला पाठवलं. चौकात उभा राहून वाचली. नऊ नावं. सहावं अदहमचं, वय एकवीस.

बाजी गर्दीतून पुढे आली. घाबरलेली नव्हती. ‘शाकिर, नीट बघ रे,’ म्हणाली. ‘माझा तर अठराचा आहे. हा दुसरा कुणीतरी असेल.’