उपाशीपोटी एकशे आठ

मी, वजनकाटे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकसष्ट, राहणार स्वतःच्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून फशी पाडलेले नाही. गोडाची तर या घरात चार महिन्यांपासून बोलायचीही चोरी आहे. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण आपण मरणार आहोत असे याआधी मला वाटले नव्हते.

आता वाटण्याचे कारण. चार महिन्यांपूर्वी तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर एकशे आठ निघाली. ती शंभराच्या आत हवी आणि एकशे सव्वीसच्या पुढे गेली की मधुमेह, म्हणजे मी मधेच लोंबकळत आहे. तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात आणि साडेसहाला मधुमेह म्हणतात, ती पाच पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह नाही हो. त्याच्या अंगणात उभे आहात. रोज चाला, चार किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी दाखवा." अंगणात उभा राहिलेला माणूस घरात कधी शिरेल याचा नेम नसतो. तेव्हा वेळेत निरवानिरव केलेली बरी.

वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्रात खाडाखोड नको. मन बदलले तर आधीचे तसेच ठेवून खाली नवे कलम लिहावे. मी तसेच करीत आहे. वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे आणि मधेच मत बनवू नये.

कलम १. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीला. लग्न झाले तेव्हा माझ्याजवळ एक पेचकस आणि सासऱ्यांचा विश्वास होता, आणि दोन्ही उसने होते. पुढचे सगळे तिच्या शिवणयंत्रावर आणि माझ्या काट्यांवर उभे राहिले. छत्तीस वर्षांत तिने मला एकदाही "तुमचं चुकलं" म्हटले नाही. ती नुसते "बरं" म्हणते. ते जास्त लागते.

कलम २. प्रमाण वजनांची लाकडी पेटी मुलीला. ती शाळेत विज्ञान शिकवते, तिला किंमत कळेल. ही वजने नुसत्या हाताने उचलू नयेत, चिमट्याने उचलावीत. बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो. कोणताही काटा खरा की खोटा हे ठरवायची एकच रीत आहे. ज्याचे वजन पक्के ठाऊक आहे ते त्यावर ठेवायचे आणि काय दाखवतो ते बघायचे. कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या काट्याखालचा लोहचुंबक मी याच पेटीच्या जोरावर पकडला. तेव्हापासून सात वर्षे तो मला ओळख देत नाही. त्याला माझ्याकडून काही नाही. चुंबकही नाही.

कलम ३. साखर मोजायचे यंत्र, सुया आणि उरलेल्या पट्ट्या. यांचे काय करायचे ते सांगण्याआधी यंत्राविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

मी रोज पहाटे उठल्या उठल्या बोट टोचतो. एकाच आकड्यावर विसंबणे माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून तीन बोटे टोचतो आणि सरासरी वहीत मांडतो. एकशे बारा, एकशे चार, एकशे सात. एकाच माणसाचे, एकाच मिनिटातले, एकाच हाताचे रक्त! डॉक्टरीणबाईंना विचारले तर म्हणतात, घरच्या यंत्रात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे चालायचेच. एकेका आकड्याला भिऊ नका, कल कुठे जातो ते पाहा. पंधरा टक्के! एवढी चूक असलेला काटा मी पास केला असता तर बाजाराने मला गाढवावर बसवले असते. म्हणून मी यंत्र तपासायचे ठरवले. त्यासाठी पक्क्या वजनाचा माणूस हवा होता. असा माणूस दुर्दैवाने शेजारीच निघाला.

कलम ४. शेजारचा चष्मेवाला. वय त्रेसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षे झाली. चहात तीन चमचे साखर घेतो, चौथा चमचा चाटतो. जिना चढला तर वर्तमानपत्रात बातमी यावी. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर उपाशीपोटी साखर चौऱ्याऐंशी. माझ्या यंत्रावर पहिल्या रविवारी चौऱ्याऐंशी, दुसऱ्या रविवारी शहाऐंशी, तिसऱ्या रविवारी पुन्हा चौऱ्याऐंशी. मी त्याला दर रविवारी सकाळी बोलावून प्रमाण वजनासारखा यंत्राला लावू लागलो, आणि यंत्र खरे असल्याचे दर रविवारी सिद्ध होऊ लागले. म्हणजे खोटा मीच. मी चार महिने साखरेवाचून चहा पितो, संध्याकाळी तीन चौक चालून येतो आणि पावाकडे तर ती परक्याची बायको असल्यासारखा बघतही नाही. तरी मी एकशे आठ, आणि हा लोळून चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून हा नेमका माझ्याच भिंतीला भिंत लावून जन्माला यायचा होता.

माझा जळफळाट होतो. हे मी शुद्धीवर असताना लिहून ठेवतो.

आकड्याचे एक वेळ सोसले असते. पण पत्नी त्याला म्हणते, "भाऊजी, तुमचं रक्तच गुणी!" आणि तो हसून म्हणतो, "वहिनी, मनाला लावून घेत नाही मी कशाचं." हे माझ्याकडे बघून. गेल्या दोन महिन्यांत तिने त्याच्याकडून दोनदा चष्मा बदलून घेतला. एवढे काय वाचायचे असते? दुपारी मी खाली दुकानात असलो की वर त्याच्या चपलांचा आवाज येतो. विचारले तर म्हणते, "काडी सैल झाली होती, घट्ट करायला आले होते." काडी एक, आणि घट्ट करायला आठवड्यातून दोन फेऱ्या!

कलम ५. सबब, कलम १ मधली मिळकत पत्नीला एका अटीवर मिळेल. माझ्या पश्चात तिने सदर चष्मेवाल्याशी लग्न केले, किंवा लग्न न करता त्याला रोज चहा दिला, तर दुकान आणि खोल्या मुलीकडे जातील. चहा रोजचा की कधीमधीचा, हे मुलीने ठरवावे. माझ्या आरामखुर्चीत त्याने कोणत्याही परिस्थितीत बसू नये. त्याच्या वजनाला ती टिकणार नाही, हे मी तज्ज्ञ म्हणून सांगतो.

कलम ६. (चार दिवसांनी.) आज हे कलम मी मोठ्या आनंदाने लिहीत आहे. यंत्राची बटणे चाळताना कळले की त्याला जुने आकडे वेळेसकट लक्षात राहतात. त्यात मला दोनशे छत्तीस सापडले. मग दोनशे एक्कावन्न. मग दोनशे चव्वेचाळीस. सगळे दुपारी साडेतीनच्या आसपासचे. त्या वेळी मी खाली दुकानात असतो, आणि माझ्या यंत्राला बोट लावणारा परका माणूस जगात एकच आहे. म्हणजे गुणी रक्त फिरले! चौऱ्याऐंशीचे पितळ उघडे पडले, आणि हा गडी माझ्या माघारी, माझ्या घरात, माझ्या पट्ट्या वापरून, माझ्या बायकोला बोट धरायला लावून चोरून तपासून घेतो! मला राग आला, हे खरे. पण आधी आनंद झाला. मी जिना शीळ घालत उतरलो. सदर चष्मेवाल्याला मी माझे साखर सोडल्यापासूनचे सर्व अनुभव, वहीसकट, मृत्युपत्राने बहाल करीत आहे.

कलम ७. (आठवड्याने.) कलम ५ आणि ६ रद्द. का, ते लिहितो. खाडाखोड नको म्हणून ती दोन्ही वर तशीच राहतील. माझी लाजही तशीच राहील.

कलम ६ लिहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन त्याच्या दुकानात गेलो. तो भिंग पुसत होता. मी यंत्र त्याच्या नाकासमोर धरले.

"दोनशे एक्कावन्न! किती दिवस लपवणार?"

त्याने आकडा पाहिला, भिंग खाली ठेवले. "काटेवाले, ते माझं नाही."

"मग काय आमच्या शिवणयंत्राचं?"

"वहिनींना विचारा. मी त्यांना शब्द दिलाय, माझ्या तोंडून नको."

मी वर आलो. ती सुईत दोरा ओवत होती. ओवत होती म्हणजे ओवला जात नव्हता. मी यंत्र टेबलावर ठेवले. तिने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लक्षात ठेवतं होय ते? मला काय ठाऊक."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दोन महिन्यांपूर्वी तिला दोरा दिसेनासा झाला, म्हणून ती चष्म्याला गेली. त्याने नंबर काढून दिला. तीन आठवड्यांनी तोच चष्मा चालेना, नंबर भलतीकडेच गेला. त्याने नवा चष्मा दिला, पण गप्प बसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, इतक्या लवकर नंबर हलतो तो डोळ्यामुळे नाही. साखर तपासून घ्या." तिने दुपारी माझेच यंत्र काढले आणि टोचायला हात धजेना म्हणून त्याला बोलावले. दुसऱ्यांदा तपासले, तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिची तीन महिन्यांची सरासरी दहाच्या वर आहे. ती अंगणात नाही. ती आतल्या खोलीत बसली आहे, कधीपासून कोण जाणे.

"अगं, मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच.

"कधी सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या एकशे आठाने घर डोक्यावर घेतलंय. पहाटे तीन बोटं, रात्री वही, जेवताना आकडे. त्यात माझे दोनशे एक्कावन्न ठेवायला जागा कुठे होती?"

मग तिने सुई-दोरा माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "एवढं ओवून द्या." मी ओवून दिला. पहिल्या फटक्यात गेला.

कलम ५ मधली अट मी काढून टाकत आहे. मिळकत पत्नीला बिनशर्त. माझ्या पश्चात ती कोणाला चहा देते हा तिचा प्रश्न आहे. चष्मेवाल्याने आरामखुर्चीत बसायला हरकत नाही, मात्र तिच्या गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ पाहिजेत. मी पाठ करीत आहे, त्याने माझ्या मागे राहू नये.

पण मत्सर गेला असे कोणी समजू नये. तो आता वाढला आहे. साखरेबद्दल मी त्याला केव्हाच माफ केले. रक्त ज्याचे त्याचे. पण छत्तीस वर्षे त्या डोळ्यांसमोर मी बसलो आहे. बाजारातल्या काट्यात दोन ग्रॅमचा फरक पडला तर मला लांबून कळतो. आणि तिच्या डोळ्यांतला फरक त्याला कळला. मी रोज तीन वेळा माझेच रक्त बघत होतो. हे मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही, आणि मरेपर्यंत त्याचे उपकारही विसरणार नाही. दोन्ही एकदम करता येते, असे मला या आठवड्यात आढळले आहे.

यंत्र आणि पट्ट्या आजपासूनच पत्नीच्या. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघायची नाही. माझ्यासाठी डॉक्टरीणबाईंचे सांगणे पुरे: चालायचे, आणि तीन महिन्यांनी एकदा तपासायचे. संध्याकाळी तीन चौक आता आम्ही दोघे चालतो. तिसऱ्या चौकात ती दमते आणि दमले म्हणत नाही. मीच दमलो म्हणून थांबतो.

कलम ८. हे मी लिहिणार नव्हतो. वकीलबाईंनी वाचून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, एक राहिलं. लाभार्थी तुमच्या आधी गेला तर काय, हे लागतंच." मी म्हणालो, आधी मी जाणार आहे, म्हणून तर हा खटाटोप. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवले. पत्नी स्टोव्हपाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "लिहा हो. पोरीला घर, एवढंच ना? त्यात काय एवढं."

सबब, माझी पत्नी माझ्या आधी वारल्यास सर्व मिळकत मुलीला मिळेल, असे कायद्याच्या गरजेपोटी लिहून ठेवतो. या कलमाला माझी संमती नाही.

साक्षीदार म्हणून खालील दोघांनी माझ्या समोर आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. चष्मेवाल्याला काही दिलेले नाही ते त्यामुळे. एरवीही दिले नसते.

(सही) काटेवाला

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: (सही) चष्मेवाला, चहा घेऊन

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: सोमवार, सकाळी साडेसात. तिची उपाशीपोटी एकशे बासष्ट. माझी मोजलेली नाही.