विहिरीवरचा तवंग

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत आहे. तेव्हा माझी काळजी नको, लोकांची कर.

आमच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. वर रंगीत तवंगही दिसतो. हे काम पलीकडच्या अर्ध्या घरातल्या आमच्या भावोजींचंच, दुसऱ्या कुणाचं असणार? तुझे मेहुणे गेल्यापासून घर विकू या म्हणून ते मागे लागलेत आणि मी माझी अर्धी बाजू सोडत नाही. पाणीच नासलं की मी आपोआप हलेन, असा हिशेब. परवा त्यांच्या हातात पेट्रोलचा कॅन होता. विचारलं तर म्हणाले, स्कूटरसाठी. ती स्कूटर केव्हापासून धूळ खात पडलीय.

विहीर माझ्या वाटणीची, म्हणून जाळीला कुलूप घातलं. मी जारचं पाणी आणते. भावोजी आणि जाऊबाई कुंपणाजवळच्या हातपंपाचं पितात. पिऊ देत.

जमिनीखालच्या पाण्यात इंधन किती उरलं ते शोधायचा तुला पगार मिळतो ना? मग सख्ख्या बहिणीसाठी एक बाटली तपास. सोबत पाठवतेय.

आहे तो लोभ वापरत जा, नुसता साठवू नकोस.
तुझी ताई

---

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून नमुना पाठवणारी तू पहिलीच. प्रयोगशाळेत सगळे हसले, पण तपासणी नीट झाली. पेट्रोल आहे, हे खरं. मात्र त्यात शिसं सापडलं. शिशाचं पेट्रोल विकणं बंद होऊन कैक वर्षं झाली. तुझ्या दिरांनी ते आणलं तरी कुठून असेल?

तिथे आसपास पूर्वी कधी पेट्रोल पंप होता का? आणि विहिरीचं पाणी हल्ली वर चढलंय का? एवढं विचारून कळव. तोवर त्यांना काही बोलू नकोस. तुझं बोलणं मला माहीत आहे.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा धाकटा

---

२३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

विचारलं. कुंपणापलीकडे टायरचं दुकान आहे ना, तिथे फार पूर्वी पंप होता. तो बंद झाला तेव्हा टाक्या जमिनीतच ठेवून वर फरशी घातली, असं टायरवाला म्हणतो. पाणीही चढलंय. शेजारची लाँड्री बंद पडली, तिची मोटर दिवसभर उपसायची ती थांबली.

तरी माझ्या मनाला पटत नाही. तसल्या जुन्या पेट्रोलचा डबा कुणी माळ्यावर ठेवला नसेल कशावरून? भावोजी हल्ली खाली मान घालून जातात. जाऊबाईला दिवस गेलेत, तरी ती जड कळशी घेऊन माझ्या खिडकीसमोरून जाते आणि वर बघत नाही. मन स्वच्छ असतं तर बघितलं नसतं? मीही हाक मारली नाही.

टाकीचंच असेल तर ते किती उरलंय आणि कधी संपेल, ते सांग.

उत्तराला उशीर केलास तर तुझ्यावरही संशय घेईन.
ताई

---

२७ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तुझा फोन नेहमीसारखा बंद आणि दिरांचा नंबर तू मला कधी दिला नाहीस. म्हणून हे पत्र खास माणसाच्या हाती देतोय.

टाक्या वर्षानुवर्षं झिरपल्या. ते पेट्रोल मातीच्या कणांत अडकून बसलं. लाँड्री उपसत होती तोवर पाणी खाली होतं. आता ते चढून ती माती धुतंय. माझ्या अंदाजाने अजून शेकडो लिटर उरलंय. अंदाज निम्म्याने चुकेल, दुपटीने चुकेल, पण ते इतक्यात संपत नाही. तुझ्या दिरांचा यात काही संबंध नाही.

आता नीट वाच. हातपंप टायरच्या दुकानाच्या आणि तुझ्या विहिरीच्या मध्ये आहे. तवंग उघड्या विहिरीत दिसतो. हातपंप खालचं पाणी ओढतो, त्यात तवंग येत नाही. पण विरघळलेला भाग येतो, तोच सगळ्यात वाईट, आणि थोडा असला तर वासही येत नाही. पोटातल्या बाळाला तर ते अजिबात नको. त्यांना आजच थांबव. पत्र ठेव आणि जा.

धाकटा

---

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र अर्धं वाचूनच उठले. जार उचलवेना, तो फरफटत त्यांच्या दारापर्यंत नेला. सगळं सांगितलं. विहिरीला कुलूप घालून त्यांना त्या हातपंपावर मीच धाडलं, हेही सांगितलं.  भावोजी म्हणाले, घर विकलं जाऊ नये म्हणून वहिनीच विहिरीत काहीतरी टाकतात, असं त्यांना वाटत होतं. कॅन त्यांनी स्कूटर दुरुस्त करायला आणला होता, बायकोला दवाखान्यात न्यायला सोयीचं पडेल म्हणून.

आज मी तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासायला दिलंय. काय निघेल ते देव जाणे. मला झोप लागत नाही.

पण जार नेला तेव्हाचं सांगायचं राहिलं. मी जारमधून पेला भरून जाऊबाईच्या हातात दिला. तिने तो घेतला, नाकाशी नेला, आणि परत माझ्यापुढे धरला. म्हणाली, आधी तुम्ही प्या. मी तिच्यासमोर अर्धा पेला प्यायले. उरलेला मग ती प्यायली.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव.
तुझी ताई