तुमची गोदा

सोमवार, १३ जानेवारी २०२५, अकोला

आजही सीन झाला नाही! जुन्या शहरात, किसनराव काकाजींच्या माडीवर, सकाळपासून सगळं युनिट तयार. करिश्मा नऊवारी नेसून, गोदाबाई होऊन पत्र लिहायला बसली. टाक शाईत बुडवला आणि थांबली.

"साधनाताई, ही किती शिकलेली? हात सराईत दाखवू की अडखळत?"

मला सांगता येईना. चार वर्षं या बाईवर लिहितेय मी. तिची अकरा पत्रं पाठ आहेत. शाळा? कुठेच नोंद नाही. आमचा दिग्दर्शक ललित कॅमेऱ्यामागून, "अगं, काहीही सांग!" म्हणाला. मी "सराईत" म्हटलं. करिश्माला माझा आवाजच पटला नाही बहुतेक. टाक अडकत राहिला, कागद फाटले, ऊन गेलं.

मंगळवार, १४ जानेवारी, वलगाव

संक्रांतीची सुट्टी. घरी आले. बाबा पहाटेच झेंडू घेऊन अमरावतीच्या बाजारात जाऊन आलेले. तिळगूळ खाता खाता म्हणाले, सांग एकदा तुहा सिनेमा.

सांगितला. १९३६. चंद्रभान नाटक कंपनीचे पडदे रंगवतो. राजवाडा, अरण्य, नदीकाठ. गोदाबाई त्याच पडद्यांपुढे गाते. प्रेम जडतं. मग तिचा आवाज बसतो, ती कंपनी सोडून अकोल्यात राहते, तो गावोगाव फिरत राहतो. ती पत्रं पाठवते. दोन वर्षं, अकरा पत्रं, सगळ्यांखाली 'तुमची गोदा'. १९३९ला तो सगळं सोडून अकोल्याला येतो, तर ती नाही. कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. पुढे जन्मभर घरी बसून दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यानं. किसनराव काकाजी त्याचे नातू. पत्रं त्यांनीच दिली मला, अगदी अभिमानानं!

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् त्याची बायको? ते कुठी हाय तुह्या सिनेमात?"

आहे ना. दोन सीन आहेत. पार्वताबाई. एकात ती जेवायला वाढते, दुसऱ्यात दार उघडते.

"बस?" म्हणाले.

गुरुवार, १६ जानेवारी

ललितला दात दुखतोय सांगून सकाळच्या एसटीनं अकोटला गेले. (खोटं बोलले. पण सांगितलं असतं तर सोडलं नसतं.) रस्ताभर पुढे जिनिंग मिलला निघालेल्या कापसाच्या गाड्या, बसला ओलांडता येईना.

गोदाबाईची भाची अकोटला असते हे परवा फोन फिरवता फिरवता कळलं. चंदाबाई. शहाऐंशी वर्षांच्या. ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मावशी त्यांच्या जन्माआधीच गेलेली, म्हणजे सगळं आईकडून ऐकलेलं.

मी विचारलं, आजी, मावशी कुठवर शिकल्या होत्या?

हसल्या. "शिकते कशाची! अंगठा लावे माही मावशी. गानं सारं ऐकून पाठ करे."

मी म्हटलं, पण पत्रं आहेत ना तिची! अकरा!

"मंग तिनं नसतील लेहेली."

एवढं बोलून पुन्हा शेंगा. मीही सोलायला लागले. मग त्यांनीच सांगितलं. मावशी इथेच आली होती, बहिणीकडे. खोकला होता. होळीनंतर चार दिवसांनी गेली.

कोणत्या वर्षी?

वर्ष त्यांना सांगता येईना. उठल्या, आतून पितळी गुंड आणला पाण्याचा. रिकामा. काठाखाली कोरलेलं होतं. मी ओढणीनं पुसून वाचलं —

'गोदाबाई हिचे स्मरणार्थ. सौ. पार्वताबाई चंद्रभान, अकोला. सन १९३७.'

पार्वताबाई! बायको!

"तेच आली होती ना बैलबंडीत बसून. मावशीजोळ चार दिस राहिली. पेज पाजे, न्हाऊ घाले. माही माय सांगे."

मी विचारलं, काहून पण आजी? तिच्याच नवऱ्याची —

"आता काहून ते मी कशी सांगू? मायलेबी तिनं सांगतलं नाही."

पहिलं पत्र १९३७च्या दिवाळीचं आहे. होळीला मेलेली बाई दिवाळीला लिहिते, 'तुमच्या नदीच्या पडद्यापुढे पुन्हा एकदा उभी राहीन म्हणते.'

शुक्रवार, १७ जानेवारी

मी गप्प राहिले. सीन झाला. करिश्मानं टाक सराईत चालवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

शनिवार, १८ जानेवारी

नितेशनं — आमचा सेट लावणारा — देवघराच्या सीनसाठी काकाजींच्या देव्हाऱ्यातली जुनी आरत्यांची वही मागून आणली होती. सहज उचलली. पहिल्या पानावर नाव: पार्वताबाई.

पान उलटलं.

तेच अक्षर. 'ळ'चं पोट तसंच फुगीर, ओळ तशीच उजवीकडे वर चढत जाणारी. पत्रांच्या प्रती मोबाइलवर आहेतच. शेजारी धरून पाहिल्या. पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग वही जागेवर ठेवली आणि नदीवरच्या पुलापर्यंत चालत गेले, परत आले. मोर्णेला पाणी नाहीच, नुसती जलपर्णी.

का लिहिली असतील तिनं? नवऱ्याला घरी ओढायला? त्याला फसवायला? की तो खचू नये म्हणून? आणि वाक्यं किती सुंदर आहेत! 'तुम्ही रंगवलेल्या चंद्राची मला सवय झाली, आता आभाळातला फिका वाटतो.' हे गोदाबाईचं समजून मी रडले होते. हे तर चुलीपुढच्या बाईचं. माझ्या सिनेमात तिला एक वाक्यही नाही.

पण मग गोदाबाईचं काय उरलं? तिचं एकही वाक्य आपल्याकडे नाही. एकीला शब्द द्यावे तर दुसरीचे काढून घ्यावे लागतात. डोकं चालत नाही.

रविवार, १९ जानेवारी

ललितला सांगितलं. आधी हसला. मग वही आणि पत्रं शेजारी ठेवली तेव्हा खाली बसला.

"साधना, पाच दिवस राहिलेत. पाच! मग माझी हिरॉइन कोण?"

मला माहीत नाही म्हटलं.

"तूच म्हणाली होतीस ना, दोन कलावंतांचं खरं प्रेम? पोस्टरवर छापलंय ते!"

होय, मीच म्हणाले होते.

तो म्हणाला, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला कळलंय ना. तो म्हणाला, मग तू विसर. मी म्हटलं, तू विसरून दाखव. चहा गार झाला.

जाताना म्हणाला, "काकाजींना विचार. त्यांची आजी आहे." पुण्याचा असून 'काकाजी' म्हणायला शिकला आहे!

सोमवार, २० जानेवारी

विचारलं. फार वाईट झालं.

किसनराव काकाजी एवढे शांत गृहस्थ. पितळी गुंडाचं सांगितलं तोवर मान खाली घालून ऐकत होते. अक्षराचं म्हटल्याबरोबर उठलेच. "म्हंजे माही आजी खोटी? मेलेल्या बाईच्या नावानं नवऱ्याले फसोत होती, असं सांगून राहिल्या काय तुमी?"

मी म्हटलं, तसं नाही काकाजी, मला खरंच समजत नाही, म्हणून तर —

"समजत नाही तं काहून उकरून राहिल्या? पत्रं देली, घर देलं. आता आमची बुढीबी पाह्यजे तुमाले?"

माडीला कुलूप. लाइट्स अंगणात काढून ठेवावे लागले.

मंगळवार, २१ जानेवारी

शूटिंग बंद. करिश्मा परत गेली. मी बरोबर होते की नुसती हट्टी? कळत नाही. काहीच कळत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी, वलगाव

दुपारी किसनराव काकाजी आले! अकोल्याहून एसटीनं, मग ऑटोनं. बाबांनी खाट टाकली. पाणी प्यायले. बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला.

"हे तुमाले देलं नोतं. ते अकरा पत्रं साऱ्या गावाले मालूम होते. हे आजीच्या पेटीत होतं. हे घरचं होतं."

चंद्रभानचं अक्षर. रायपूरहून. फक्त चार ओळी:

'सौ. पार्वतीस. गोदा गेल्याचे मला चैत्रातच समजले. पत्रांतील अक्षर तुझे आहे हेही पहिल्याच पत्रास ओळखले. तरी पत्रे बंद करू नकोस. सही बदलू नकोस.'

तारीख पाहिली. जानेवारी १९३८. तोवर तिची तीनच पत्रं गेली होती.

पुढची आठ तिनं यानंतर लिहिली.