जयवंतचा डावा हात

भुईगाव, रविवार

प्रिय ऋतिका,

हे पत्र तुला सँड्रा आणून देईल. माझी भाची, तुमच्या डब्लिनमध्येच नर्स आहे, सुट्टी संपवून शुक्रवारी परत निघतेय. तिला बजावलंय, पोस्टात टाकायचं नाही, पोरीच्या हातात द्यायचं. फोनवर बोलता आलं असतं म्हणशील. नाही येत गं बाय. तीनदा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. आणि मेसेज लिहायला बसलो तर दोन ओळींच्या पुढे माझा अंगठा चालत नाही, ही काही दोन ओळींची गोष्ट नव्हे. म्हणून कागद घेतला. चार पानं फाडून झाली आहेत.

तू मला तीनदा विचारलंस, अंकल, बाबांना एकदा तलावावर न्या ना, पाण्यात गेले की त्यांना बरं वाटेल. पहिल्यांदा मी सांगितलं, तलाव दुरुस्तीला बंद आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, जयवंतला कफ झालाय. तिसऱ्यांदा माझीच कंबर धरली. तिन्ही थापा. तलाव उघडा आहे, कफबिफ काही नव्हता, आणि माझ्या कमरेला काय धाड भरलीय? परवाच केळीचे चार घड वाडीतून खांद्यावर आणले. शेवटच्या मेसेजमध्ये तू लिहिलंस की अंकल, तुम्ही स्वतःसुद्धा पोहणं का सोडलं, बाबा आजारी पडले म्हणून पाण्यावर रागावलात का.  रागावलोय खरा, पण पाण्यावर नाही.

तुझ्या बापाची तलावावरची पहिली सकाळ तुला माहीत नसेल. पाच वर्षं झाली. रिटायर होऊन दोन महिने, साखर वाढलेली, चालायला गेलं तर गुडघे कुरकुरतात, म्हणून डॉक्टरांनी पोहायला धाडलेला. मोठ्यांची बॅच सातची. सगळे आमच्यासारखे पोटवाले. हा नवी टोपी भुवयांपर्यंत ओढून, काठाची सळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा. कुठे, तर चार फुटात! मी म्हटलं, साहेब, इथे बुडायचं तर आधी खाली बसावं लागेल. तो हसला नाही. म्हणाला, आमच्या माण तालुक्यात अख्ख्या घराच्या आंघोळी दोन बादल्यांत व्हायच्या, एवढं पाणी एका जागी बघायची सवय नाही मला. मी खजील झालो. आम्ही भुईगावची माणसं, वाडीत प्रत्येकाचं स्वतःचं तळं, आम्ही त्याला बावखल म्हणतो. पाच वर्षांचा होतो तेव्हा बापाने पाठीला दोन सुके नारळ बांधले आणि दिला ढकलून, झालं शिक्षण. पाण्यातलं आम्हाला कोणी काही शिकवायचं नाही, असा माज होता. तो माज नडला. मला नाही, जयवंतला नडला.

आमची कोच व्हेरोनिका. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण शिट्टी वाजवली की साठीचे म्हातारे मुकाट्याने रांगेत. मला म्हणायची, अंकल, तुम्ही पोहत नाही, पाण्याला बडवता. डोकं बाहेर, मान ताठ, पाय सायकल चालवल्यासारखे. पन्नास-पंचावन्न वर्षांची बावखलाची सवय, जाते कुठे! जयवंतला मात्र वाईट सवयच नव्हती, कारण कुठलीच नव्हती. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोड, डोकं न उचलता नुसतं वळवून श्वास घे, कोपर उंच ठेवून पाणी मागे ओढ, ती सांगेल ते हा पाढे पाठ केल्यासारखं घोटायचा. घरी पलंगावर पालथा पडून हात मारायचा आणि तुझी आई, यमुना, ओरडायची की गादी फाटेल. तीन महिन्यांत त्याने अख्खी लांबी काढली. पलीकडचा काठ धरला, मागे वळून बघितलं आणि ओरडला, गड्या सेबा, पाण्यानं मला उचललं रे! रडत होता. पाण्यात रडलेलं दिसत नाही म्हणतात, साफ खोटं आहे. सगळ्या बॅचला दिसलं.

दीड वर्षात तो माझ्या पुढे गेला. एका लांबीला त्याचे एकोणीस हात, माझे एकतीस. मी धापा टाकत पोचायचो तेव्हा हा काठाला टेकून गालात हसायचा. नाताळला आमच्याकडे आला आणि बावखलात उतरला, तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं बघायला जमली, की हा घाटावरचा माणूस एवढा शांत कसा पोहतो. मला त्याचा अभिमान वाटला आणि जळफळाटही झाला. दोन्ही लिहितो, आता लपवून काय करू.

पुढच्या नाताळाच्या सुमाराला तो डावीकडे सरकायला लागला. सरळ पोहता पोहता डाव्या दोरीला जाऊन घासायचा. एकोणीस हातांचे बावीस झाले, मग सव्वीस. व्हेरोनिकाने त्याला एका हाताने पोहायला लावलं. उजव्याने छान जायचा, डाव्याने जागेवरच घुटमळायचा. तिने दोन-तीन आठवडे बघितलं आणि एक दिवस आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, अंकल, ही पोहण्यातली चूक नाहीये. यांच्या अंगठ्याजवळचं मांस बघा, बसलंय. नसांच्या डॉक्टरला दाखवा. तेव्हा मी काय बोललो माहीत आहे? अगं बाय, तू शिट्टी वाजवतेस की डॉक्टरकी करतेस? मोठ्याने बोललो. पाण्यातले सगळे हसले. जयवंतही हसला. त्याला हसून विषय संपवायचा होता, कारण तो घाबरला होता. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, माझ्या विनोदाला हसला.

मग मी शहाणा पुढे झालो. कामणच्या बाजूला एकजण सांधे बसवतो असं ऐकलं होतं. चार रविवार स्कूटरवर बसवून तुझ्या बापाला तिथे नेलं. तेल, पट्ट्या, ओढाताण. त्याला म्हणायचो, तुझा डावा हात आळशी आहे, त्याला कामाला लाव. पाणी ओढायचं प्लास्टिकचं पॅडल त्या हाताला बांधून त्याच्याकडून लांब्यांवर लांब्या काढून घेतल्या. काठावर उभा राहून ओरडायचो, ओढ, ओढ, झोपलास का! आणि तो ओढायचा गं. नसलेल्या ताकदीने ओढायचा, कारण मी सांगत होतो. आठ महिने असे गेले. शर्टाची बटणं तो एका हाताने लावतो हे यमुनाने पकडलं, तेव्हा कुठे मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. पुढचं तुला माहीत आहे. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा वाळत चालल्यात, औषध नाही, सांधे बसवणारा तर नाहीच नाही.

मी डॉक्टरांना विचारलं होतं. आठ महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आजाराला फरक पडला नसता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुझी आईही हेच म्हणाली. पण आजाराला नाही, जयवंतला फरक पडला असता ना! तुझ्याकडे यायचं तिकीट तो 'हात बरा झाला की काढू' म्हणून पुढे ढकलत राहिला. हात बरा होणार नाही हे तेव्हा कळलं असतं तर तो त्याच आठवड्यात विमानात बसला असता. तुझं घर बघितलं असतं, तुझ्या हातचं स्वतःच्या हाताने जेवला असता. ते आठ महिने त्याला परत मिळणार नाहीत आणि ते मी घेतले.

आता रोज दुपारी चारला मी तुमच्या सोसायटीत जातो. यमुनाला तेवढाच वेळ खाली उतरायला मिळतो. जयवंतचे दोन्ही हात गेले, पाय गेल्यातच जमा, मान उशीशिवाय राहत नाही. बोलणं यमुनाला आणि मला कळतं, बाकी कुणाला नाही. चमच्याने चहा पाजतो. नाकावर माशी बसली तर ती कधी उडेल याची वाट बघत पडलेला असतो. एकदा मी पोचलो तेव्हा बसलेलीच होती. मी हाकलली, तर म्हणाला, अर्धा तास झाला, आता ओळख झाली होती. असा आहे. हसवतो अजून.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. तुझा पहिला मेसेज मे महिन्यात आला, बाबांना पाण्यात न्या म्हणून. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. व्हेरोनिकाशी बोललो, उचलायला चार माणसं ठरवली आणि धावतच तुमच्याकडे गेलो. यमुना दळण आणायला गेली होती. जयवंतला सांगितलं, चल, तुझी पोरगी म्हणतेय, पाण्यात जाऊ. त्याने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, ने. पण चार माणसं नकोत. तू एकटा ने, नऊ फुटाच्या बाजूला. पाठीवर धर आणि मग हात काढून घे. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही, म्हणून परत विचारलं. त्याने परत सांगितलं, एकेक शब्द सोडवून. म्हणाला, घसरला म्हणतील, तुझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही. इथे गादीवर इंचाइंचाने गुदमरायचंय मला. त्यापेक्षा तिथे. तू माझा दोस्त आहेस ना रे.

मी काय म्हणायला हवं होतं? वेडा झालास का, असलं तोंडातून काढू नको, देव आहे. हे सगळं मला बोलता येतं, दुसऱ्यांच्या घरी जाऊन बोललोय. त्या दिवशी नुसता त्याच्या हनुवटीवरचा चहा पुसला. तेवढ्यात यमुना आली, पीठ डब्यात ओतलं, आणि जयवंत तिला म्हणाला, आज सेबाने चहात साखर जास्त घातली.

इथवरच असतं तर मी तुला कधीच कळवलं नसतं. बापाचं असलं बोलणं पोरीला कशाला सांगायचं! यमुनालाही सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो, ऋतिका, आणि पोहलो नाही. काठावर बसून बघत होतो. पाणी रिकामं कधी असतं, चाकाची खुर्ची कुठून आत येईल, कुणाची नजर कुठवर पोचते. अर्धा तास हे बघत होतो आणि मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. वाडीत उद्या काय काम करायचं ते ठरवावं तसं ठरवत होतो. व्हेरोनिकाने विचारलं, अंकल, आज उतरायचं नाही का? तेव्हा भानावर आलो.  कपडे चढवले आणि घरी आलो. त्यानंतर तिकडे पाऊल टाकलेलं नाही. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या आधी पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो, पुढे दोघंच उरले तेव्हा बाहेर पडलो. फादरांना काय सांगणार होतो, चुकलो म्हणून? मला चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. माझी बायको पॉलिन विचारते, तुम्हाला झालंय तरी काय. तिला म्हणतो, चाफ्याला कीड लागलीय.

तू मला भला माणूस समजतेस, दर मेसेजच्या शेवटी आभार मानतेस. नको मानू. मी रोज चारला तुमचा जिना चढतो आणि वर पोचेपर्यंत प्रार्थना करतो की आज त्याने विचारू नये. तो विचारत नाही, नुसता बघतो, आणि मी साखर ढवळत बसतो. तुझं म्हणणं बरोबर आहे, त्याला पाण्यात न्यायलाच हवं, त्याच्या अंगाला आता दुसरं सुख उरलेलं नाही. पण तू ये. नोकरी, रजा, काय असेल ते बाजूला ठेव आणि दिवाळीच्या आत ये. एका बाजूने तू धर, दुसऱ्या बाजूने व्हेरोनिका धरेल, मी काठावर उभा राहीन. तुला बघून त्याचं मन पालटेल असं खोटं मी सांगत नाही. तेवढी आशा माझ्याकडे नाही. मला इतकंच ठाऊक आहे की हात काढ असं तो तुला म्हणणार नाही. आणि येणं जमणारच नसेल, तर मला परत तसा मेसेज पाठवू नकोस, पोरी. तीन वेळा मी थाप मारली. आता विचारलंस तर मी त्याला नेईन, एकटाच.

तुझाच, पण ज्याच्यापासून जपून राहावं असा,
सेबी अंकल