ताज्या अननसाची जेली

प्रिय धांदरटा,

फोन केला की सगळं ठीक आहे ना एवढं विचारून तू मोकळा होतोस, आणि मीही हो म्हणून टाकते. म्हणून आज पत्र. दुकानात, गल्ल्यावर बसून भरदुपारी लिहितेय. सारखं उठावं लागतंय, तेव्हा अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं तर दात काढू नकोस. बाबांचं काहीतरी बिनसलंय. कालपर्यंत मला ते नीट सांगता आलं नसतं.

तुझी कॅप्सूलची फॅक्टरी कशी चाललीय? तू तिथे लागल्याचं कळलं तेव्हा बाबा स्वतःशीच हसले होते, हे तुला कधी सांगितलंच नाही. दुकान सोडून गेला, पण जिलेटिनने काही त्याला सोडलं नाही, असं म्हणाले. त्यांचं ते जुनं भाषण आठवतं ना? गिऱ्हाईक पुडिंग घ्यायला यायचं आणि हे त्याला उभं करून ऐकवायचे: जनावराची हाडं आणि कातडी उकळून उकळून जे निघतं ते हे, तुमच्या खिशातल्या औषधाच्या गोळीचं टरफल याचंच, तुमच्या लग्नाच्या फोटोच्या फिल्मवरचा थरही याचाच, आणि हातातलं पुडिंगही यानेच उभं आहे. हाडांचं नाव काढताच एक बाई पुडिंग ठेवून निघून गेल्या, तरी यांचं भाषण थांबलं नाही.

थांब, आत फ्रिजचं दार वाजलं. बघून येते.

आले. हां, तर गेले काही महिने हे असं चाललंय. आधी साखर दोनदा पडली, मी हसण्यावारी नेलं. मग पावडर थंड पाण्यात फुलवायची सोडून थेट उकळत्या दुधात टाकली आणि गुठळ्या झाल्यावर दूधवाल्याला शिव्या घातल्या. वय झालं, म्हटलं. रोजच्या वाटेने घरी येताना कोपऱ्यावर उभे राहिले, तेव्हा चप्पल चावतेय म्हणाले. मी त्यावरही विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

आज सकाळी त्यांनी अननस चिरला. ताजा. मला वाटलं, चिरून तसाच खायला असेल. पण त्यांनी फोडी काचेच्या मोठ्या वाडग्यात रचल्या, वरून जिलेटिनचं पाणी ओतलं, कडा पुसली आणि वाडगा फ्रिजमध्ये ठेवला. मी दारातच खिळून राहिले. तुला वेगळं सांगायला नको. ताजा अननस जिलेटिनला धरूच देत नाही, तो आधी शिजवावा लागतो नाहीतर डब्यातला घ्यावा लागतो, हे या घरात तुझ्याइतकं कुणाच्या अंगाशी आलेलं नाही. त्या लग्नाच्या ऑर्डरला तू डब्यातला सोडून ताजा घातलास, वास छान येतो म्हणून, आणि मांडवात नुसतं पिवळं पाणी गेलं. चारचौघांत बाबांनी तुझ्या हातातला डाव काढून घेतला आणि पुन्हा माझ्या भांड्यांना हात लावू नकोस म्हणाले. त्यानंतर तू खरंच लावला नाहीस.

सकाळपासून त्यांना चैन नाही. दर थोड्या वेळाने फ्रिज उघडतात, वाडगा तिरका करतात, पाणी इकडून तिकडे जातं, दार बंद करतात. फ्रिज बिघडला म्हणाले. मग पावडर जुनी म्हणाले. मी मागच्या दाराने जाऊन डब्यातला अननस आणून ठेवलाय, गुपचूप दुसरा वाडगा लावून देता येईल, पण माझे हात त्याला लागत नाहीत. आज झाकलं तर उद्या काय झाकू? डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांच्यासमोर बाबा तरतरीत बसतील आणि मलाच वेड्यात काढतील.

पुन्हा उठले होते. आणि आता जे झालं त्यासाठीच तुला लिहायला बसले होते असं समज, जरी बसताना मला ते माहीत नव्हतं. बाबा हात पुसत बाहेर आले. मी पत्र झाकलं. पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे. म्हणाले, जेली का धरत नाही ते धांदरटाला बरोबर ठाऊक आहे, मला मेलं आठवत नाही, तो आला की विचारू. अजिबात राग नव्हता रे आवाजात. बाजारात गेलाय, एव्हाना यायला हवा होता, असंही म्हणाले. आता दाराशी स्टूल टाकून तुझी वाट बघत बसलेत. वाडगा मी ओतलेला नाही. तू ये आणि त्यांना सांग. तू सांगितलेलं ते ऐकून घेतील, आणि विचारायचं कुणाला हे त्यांच्या लक्षात आहे तोवर ये.

तुझीच,
ताई